तीन हॉर्न आणि एक विडी

जीप माझ्या नावावर झाली त्या दिवशी तिच्या आधीच्या मालकाची बायको मला एक वाक्य सांगत होती आणि मी ते अर्ध्यातच तोडलं. पुढचं सगळं त्या तोडलेल्या वाक्यामुळे झालं, असं मला वाटतं. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

अहेरीत फॉर्म भरून देणाऱ्याच्या टपरीसमोर आम्ही उभ्या होतो. ती नाल्यापलीकडच्या जंगलातल्या गावाहून आली होती. पंचेचाळिशीची असेल. नवरा त्याच श्रावणात गेलेला. सही झाली, मी पैसे दिले, तिनं ते न मोजता पदरात बांधले आणि बॉनेटवर तळहात ठेवून उभी राहिली.

"बाई, नाल्यावर गेल्या तं तीनदा हॉर्न मारजा," ती म्हणाली. "मंग..."

"हो हो," मी म्हटलं, "नारळही फोडते. लिंबू-मिरचीही बांधते."

टपरीवाला हसला. मीही हसले. तिनं माझ्याकडे पाहिलं, तोंड मिटलं आणि हात काढून घेतला.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. वडाच्या झाडावर काही बसलेलं नसतं, रात्री नाल्यावर कोणी हाक मारत नाही, हे मुलांना पटवून देण्यात माझी बावीस वर्षं गेली आहेत. नाल्यावर हॉर्न मारायचा म्हणजे तिथल्या भुताला वर्दी द्यायची, एवढा अर्थ मी तिथल्या तिथे लावून मोकळी झाले. समोरच्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत उत्तर तयार ठेवायची मला खोड आहे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी गेली, पण कोणाच्या तरी मरणानंतरच.

मी मूळची ब्रह्मपुरीची. लहानपणी काळीपिवळी जीपच्या मागच्या फळीला लोंबकळत मामाच्या गावी जायचे, तेव्हापासून गाडी म्हणजे जीप, बाकीचे सगळे डबे, असं माझं मत आहे. लग्न केलं नाही. भाऊ म्हणायचा, निदान घर बांध. मी पन्नासाव्या वर्षी एकवीस वर्षं जुनी, चारही चाकं ओढणारी, मागे लांब हौद असलेली, टिनाच्या छताची जीप घेतली. चंद्रपूरच्या काही हौशी लोकांचा एक गट होता. रविवारी गाड्या घेऊन ते चिखलात, वाळूत, नाल्यांत घालायचे. आमच्या कॉलेजातले केमिस्ट्रीचे सर त्यात होते. त्यांनी मला ओढलं असं मी सांगत असे, पण मला ओढायला कोणी लागत नाही.

आलापल्लीत एक मिस्त्री होता. मूळचा चंद्रपूरकडचा, इथे येऊन चारपाच वर्षं झालेली. दिवाळीनंतर जीप त्याच्या शेडमध्ये गेली आणि मीही. सुट्टी असली की सकाळपासून तिथे. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे उतरवले, त्यांतली मोडलेली पानं बदलली, दोन पानं वाढवून गाडी चार बोटं वर घेतली. इंजिनानं पाणी ओढू नये म्हणून हवेचा पाइप काचेच्या बाजूनं छतापर्यंत उंच नेला. या गाडीत नुसता लिव्हर ओढून पुढची चाकं जोर लावत नाहीत, आधी खाली उतरून दोन्ही चाकांच्या मधली चकती हातानं फिरवावी लागते. मिस्त्री म्हणायचा, "बाई, चकती फिरवाले उतरलं म्हंजे मानूस रस्ताबी पायते." मला ते आवडलं होतं. अर्ध्या हळकुंडानं मी तेव्हा पिवळी झाले होते आणि स्टाफरूममध्ये डिफरन्शियलवर भाषणं देत होते.

पण गाडी साफ करताना काही गोष्टी हाताला लागत गेल्या. ड्रायव्हरच्या सीटला उजवीकडे खोल बाक आलेला होता, आधीचा माणूस कायम त्या अंगावर कलून, मागे वळून बघत बसत असावा तसा. नवीन फोम घातला तरी महिन्याभरात सीट तिकडेच झुकली. स्टीअरिंगवर एका जागी अंगठ्याएवढा खड्डा झिजला होता आणि माझा अंगठा नकळत त्यातच जाऊन बसायचा. या गोष्टीला काही अर्थ नाही, हे मी स्वतःला दोनदा सांगितलं.

मागच्या हौदात पत्र्याला चार ठिकाणी लोखंडी पाइपाचे बोटभर उंचीचे तुकडे उभे जोडलेले होते. दोन पुढे, दोन मागे. कशासाठी, ते मला कळेना. आत बोट घातलं तर तळाशी लाकडाचा भुसा दाबून बसलेला. आणि त्यांच्या वर, छताच्या आतल्या बाजूला, एक काळपट तेलकट डाग होता. परातीएवढा. मी रॉकेलनं घासला, साबणानं घासला, निघाला नाही. गाडीतलं ग्रीस खाली सांडतं, वर छताला कसं जाईल? मी मिस्त्रीला म्हटलं, रंग मारून टाका. त्यानं आतून क्रीम रंग मारला.

मला मागच्या हौदात सामानाची सोय करायची होती. प्लायचे खण, त्यावर पाण्याची टाकी, डिझेलचे दोन कॅन, उभं स्टेपनी चाक, आणि हे सगळं धरून ठेवायला लोखंडी अँगलची चौकट, जमिनीपासून छतापर्यंत, हौदाच्या बरोबर मधोमध. त्यासाठी ते पाइपाचे तुकडे आड येत होते.

मिस्त्री कटर हातात घेऊन थांबला. "बाई, एक सांगू काय? जुन्या गाडीत आधीच्या मानसानं काई लावलं असंन, तं ते काहाले लावलं हे समजल्याबिगर काढू नये."

"काहाले लावलं ते सांगा मग."

"मले काय मालूम? त्या गावाकडं मी कधी गेलोच नाई."

"मग काढा."

त्यानं काढले. चौकट बसवताना परत तेच. "हे बोल्टावर ठेवू. उद्या काढा लागलं तं?" मी म्हटलं, "बोल्ट ढिले होतात, खडखड वाजतं. मला गाडीत खडखड नको. वेल्ड मारा." मी फिजिक्सवाली, त्यामुळे कंप म्हणजे काय यावर त्याला पाच मिनिटं ऐकवलं. तो बिचारा मान हलवत राहिला आणि मग चेहऱ्यावर काळी काच धरून त्यानं वेल्डिंग केलं. काम इतकं पक्कं झालं की मी त्या चौकटीला धरून लोंबकळून बघितलं.

जीप रस्त्यावर आली आणि एक विचित्र गोष्ट सुरू झाली. अहेरीच्या आठवडी बाजारातून जाताना लोक तिला हात करत. गाडी थांबवायला करतात तसा नव्हे. कोणी म्हातारा रस्त्याच्या कडेला उभा राहून दोन्ही हात जोडून जोहार करी. मोहाच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बाया माना वर करत, अर्धवट उठत. मग काचेतून मी दिसले की हात खाली जात, बाया परत बसत. पहिल्यांदा मजा वाटली. केमिस्ट्रीचे सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर पुढारी झालात." नंतर नंतर मला ते सहन होईना. रोज कोणीतरी माझ्याकडे बघून निराश होतंय, आणि का ते मला माहीत नाही. मी बाजाराच्या दिवशी मागच्या गल्लीनं जायला लागले. मला भीती वाटत होती हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

वैशाखात तो डाग परत आला. क्रीम रंगातून हळूहळू, आधी पिवळा, मग तपकिरी. जुनं तेल उष्णतेनं रंगातून वर झिरपतं, यात काही गूढ नाही, हे मी वर्गात उदाहरण म्हणून सांगितलंसुद्धा. पण जीपमध्ये एकटी असताना आरशात तो मागे दिसायचा आणि मी आरसा थोडा खाली वळवून ठेवायचे.

पोळा झाल्यानंतरच्या रविवारी सर म्हणाले, चला, तुमच्या त्या नाल्यावर जाऊ. भूत दाखवा. स्टाफरूममध्ये मीच तो किस्सा तिखटमीठ लावून सांगितला होता, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. सकाळी अकराच्या सुमारास पोहोचलो. दोन्हीकडे सागवान, मध्ये लाल पाणी, नाला ओलांडायचा ठेंगणा रपटा पाण्याखाली. पाणी मांडीभर असावं, ओढ बेताची. सरांनी मोबाइल बॉनेटवर दगडाला टेकवून ठेवला आणि म्हणाले, "हं, द्या वर्दी."

मी कॅमेऱ्याकडे बघून हात जोडले, कपाळाला लावले आणि तीनदा हॉर्न मारला. हॉर्न जुनाच होता. घोगरा, शेवटी थोडा फाटणारा. तो मला आवडला म्हणून तेवढा मी बदलला नव्हता.

आम्ही लगेच निघणार होतो. पण सरांच्या मोबाइलचा कोन जुळेना, मोबाइल सारखा आडवा होई, म्हणून मी इंजिन बंद केलं आणि वाट बघत बसले. नाही तर थांबलेच नसते.

पाचसात मिनिटांनी पलीकडच्या झाडीतून ओरडण्याचा आवाज आला. मग माणसं दिसली. चार पुरुष खांद्यावर खाट घेऊन पळत येत होते. खाटेवर कोणीतरी होतं. खाटेच्या बाजूनं एक बाई पळत होती, एक हात खाटेवरच्या कपाळावर ठेवून. जवळ आल्यावर ओळखलं. जीप विकणारी ती.

मी खाली उतरून चकत्या फिरवल्या, लिव्हर ओढला आणि पाण्यात घातली. माझी गाडी त्या दिवशी अशी निघाली की बघत राहावं. पलीकडे चढून मी गाडी उलटी करून लावली. खाटेवर पोटुशी बाई होती, विशी-बाविशीची. आदल्या दिवसापासून अडलेली. फोनला रेंज नाही म्हणून एक जण टेकडीवर गेला होता आणि बाकीचे तिला नाल्यापर्यंत न्यायला निघाले होते. वाटेत त्यांना हॉर्न ऐकू आला.

कोणी मला काही विचारलं नाही. चौघांनी खाट उचलली, सरावल्यासारखी मागच्या दारात आणली आणि थांबले. विधवा बाई पुढे आली. तिनं आत वाकून, न बघता, पत्र्यावर हात फिरवला. डावीकडे, मग उजवीकडे. माझे खण होते तिथे. तिचा हात पाइपाचा तुकडा शोधत होता. खाटेचा पाय त्यात बसतो, म्हणजे खाट हलत नाही. एवढं साधं होतं ते. आत दाबून बसलेला भुसा त्या पायांचा होता.

"खाट कुठी बसवू, बाई?" ती म्हणाली.

मी धावत जाऊन पुढचं दार उघडलं.

आधी अडलेल्या पोरीला पुढच्या सीटवर बसवून पाहिलं. तिला बसवत नव्हतं, ती किंचाळली. मागे चौकटीच्या अलीकडे तीन फूट, पलीकडे तीन फूट. माणूस आडवं होईल अशी जागाच नव्हती. चाक काढलं, कॅन फेकले, टाकी ओतून दिली. पुरुषांच्या खांद्यावर कुऱ्हाडी होत्याच. त्यांनी माझे प्लायचे खण फोडले. पण अँगलची चौकट कुऱ्हाडीनं जाईना. माझ्याजवळ हाताची करवत होती. मी कापायला बसले. दोन उभे अँगल, दोन्ही पक्के वेल्ड केलेले. एक पातं तुटलं. दुसरं लावलं. मग त्या पोरीच्या नवऱ्यानं माझ्या हातातून करवत घेतली. तो कापत होता आणि मी ओरडत होते, सरळ ओढा, वाकडी नको. अजूनही मी शिकवतच होते.

एक अँगल निघाला. दुसरा खालून सुटला, वरून नाही. तो आम्ही वाकवला. शेवटी तिला तशीच खाली, गोधडीवर, कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपी, गुडघे दुमडून ठेवली. खाट काठावरच राहिली. तिनं हातानं तो वाकलेला अँगल धरला आणि अहेरी येईपर्यंत सोडला नाही. विधवा बाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. सर पुढे माझ्या शेजारी बसले होते.

बाई वाचली. मूल नाही वाचलं.

डॉक्टरीण समजूतदार होती. माझे कापलेले हात बघून तिनं मला बाजूला बसवलं आणि म्हणाली, तुम्ही आणलंत म्हणून आई तरी वाचली. मी विचारलं, थोडं आधी आणलं असतं तर? ती म्हणाली, मूल घरीच गेलेलं असू शकतं, नसूही शकतं, आता सांगता येत नाही. फिजिक्समध्ये मी हे वाक्य शेकडो वेळा उच्चारलं आहे, माहिती अपुरी असताना उत्तर सांगता येत नाही म्हणून. त्या दिवशी पहिल्यांदा ते मला लागलं.

सरांचा मोबाइल सगळा वेळ चालूच होता. आधी बॉनेटवर, नंतर त्यांच्या खिशात. करवत किती वेळ चालली ते त्यात आहे. एकेचाळीस मिनिटं. त्यांनी तो व्हिडिओ मला पाठवला, का ते त्यांनाही सांगता आलं नाही. मी तो पाहिलेला नाही. पुसलेलाही नाही. शेजारी कोणी खिडकीची जाळी कापायला बसलं तरी मी घराबाहेर निघून जाते.

दुसऱ्या दिवशी मी विधवा बाईला नाल्यापर्यंत सोडायला गेले. खाट तिथेच काठावर उभी होती, जशी ठेवली तशी. तिच्या सुतळीवर सागाचं एक पान पडलं होतं. तिनं ते पान काढून टाकलं, खाट उलटी केली, डोक्यावर घेतली आणि पाण्यात उतरली. मी सोबत येते म्हटलं तर म्हणाली, "नाई बाई. हे हलकी आहे."

त्यानंतर पंधरा दिवस मी जीपला हात लावला नाही. मग मिस्त्रीकडे नेली. त्याला सगळं सांगितलं. तो हातातला पाना पुसत ऐकत राहिला. मला वाटलं आता बोलेल, सांगतलं होतं ना तुमाले. बोलला असता तर बरं झालं असतं. तो आत गेला आणि भंगाराच्या ड्रममागून एक पिशवी घेऊन आला. तिच्यात ते चार पाइपाचे तुकडे होते.

"फेकले नाई तुम्ही?"

"आधीच्या मानसाचं काम हाय," तो म्हणाला. "त्यानं तं नाई सांगतलं फेकाले."

चौकट पुरती कापून काढली. पत्र्यावर जुन्या जागी चार गोल गंजाचे वण राहिले होते, तुकडे तिथेच परत जोडले. पण खाटेचं माप तपासायचं तर खाट हवी, आणि खाट गावात. म्हणून मला जावंच लागलं. मी इतकी वर्षं एवढ्या रस्त्यांनी गेले आहे, पण त्या दिवसाएवढा लांब कुठला वाटला नाही.

गावात शिरल्यावर पहिलं घर त्या पोरीचंच होतं. ती अंगणात धान वाळत घालत होती. मला पाहून आत गेली. मला वाटलं, बरोबर आहे, परत बाहेर येऊ नये तिनं. ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मी पाणी प्यायले. माफी मागायचे शब्द मी वाटभर जुळवत आले होते, त्यांतला एकही तिच्यासमोर उभा राहिला नाही. तिच्या उजव्या तळहातावर अँगलच्या कडेनं कापल्याची आडवी रेघ होती. मी तेवढीच बघत राहिले. तिनं तांब्या परत घेतला आणि धानाकडे वळली.

ती खाट गावच्या समाजघरात भिंतीला टांगलेली असते. जीपच्या मापाची गावातली ती एकच खाट. विधवा बाईच्या नवऱ्यानं ती मुद्दाम बनवली होती. आठवडी बाजारच्या दिवशी तो भाड्यानं माणसं नेई, बाकी दिवस कोणी आजारी पडलं की ही खाट. तिच्या अंगणात बसून मी म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही मला काहीतरी सांगत होतात. मी मध्येच तोडलं. आता सांगा."

तिनं लगेच सांगितलं नाही. तिनं माझी थोडी परीक्षा बघितली असावी. मी गप्प बसले. मला ते किती जड गेलं ते मलाच माहीत.

"नाल्यावर तीनदा हॉर्न मारजा," ती म्हणाली. "मंग इंजन बंद करजा. अन एक विडी होतवरी थांबजा. आमच्या गावात, बाजूच्या पाड्यावर कोनाले दवाखान्यात न्याचं असंन, तं खाट घेऊन याले तेवढाच वेळ लागते. विडी झाली अन कोनी आलं नाई, तं चालले जा."

एवढंच होतं. भूत नव्हतं, वर्दी नव्हती. पलीकडच्या जिवंत माणसांना दिलेला वेळ होता तो.

"त्या दिवशी हॉर्न आयकला तं आमचे पाय थांबले," ती पुढे म्हणाली. "आमाले वाटलं, तोच आला. मंग धावलो."

मी विचारलं, तो कसा गेला. ताप, ती म्हणाली. चार दिवस ताप. डोक्यात गेला.

"पण जीप तर होती."

"गाडी अंगनात होती, बाई. डिझेलबी होतं. चालवनारा खाटीवर होता."

दुसऱ्या कोणाला चालवता येत नव्हती. चार जणांनी त्याला त्याच खाटेवर, खांद्यावर घेतलं. नाला यायच्या आधीच तो गेला. परत आल्यावर अंगणात जीप उभी. ती रोज सकाळी दार उघडायची आणि समोर जीप. म्हणून विकली. मी दिलेले पैसे तिनं का मोजले नव्हते, ते मला तेव्हा कळलं.

मला राग आला. कोणावर, ते कळेना. नेहमीसारखा तो तोंडातून बाहेर पडला. "मग तुम्ही का नाही शिकलात? शिका आता! मी शिकवते."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि हसली. मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. "मी शिकू?" ती म्हणाली. "अन गाडी तं तुमची हाय."

शिकाऊ लायसन्सचा फॉर्म मी भरला. कापणी झालेल्या धानाच्या शेतांत, बांध्यांत, आम्ही दर रविवारी चालवली. ती क्लच एकदम सोडायची, मी ओरडायचे, ती गाडी बंद करून शांत बसायची. माझं ओरडणं संपलं की परत चालू करायची. दोन महिन्यांत माझं ओरडणं आधी कमी झालं की तिचा क्लच आधी सुधारला, सांगता येत नाही. चकती फिरवायला मात्र ती पहिल्या दिवसापासून न सांगता उतरायची. नवऱ्याला तिनं बघितलं होतं. आणि सीटवर बसली की तिचं अंग आपसूक उजवीकडे, त्या बाकात जाई. तिथे बसून मान फिरवली की मागची खाट दिसते. तो त्यासाठीच तसा बसत होता.

यंदा पाऊस संपता संपता तिनं गाडी एकटीनं नाल्यातून घालायची असं ठरलं. आता जीप पावसाळाभर पलीकडे, तिच्या अंगणातच असते. मी म्हटलं, खाट बसवून बघू, पाण्यात हलते का. आणि रिकामी खाट काय सांगणार? मी झोपते.

चार पाय चार पाइपांत बसले. मी आडवी झाले. आयुष्यभर मी गाडीत पुढे बघत बसले आहे, आडवी होऊन वर कधी बघितलं नव्हतं. जीप उतारावर लागली, दगडावर चढली, खाट जागची हलली नाही पण मी हलले, आणि माझा उजवा हात आपोआप वर गेला. छताला टेकला. तळहात बरोबर त्या डागावर बसला.

तो डाग हातांचा होता. या खाटेवरून गेलेल्या प्रत्येक माणसानं, तापातल्या, अडलेल्या, साप चावलेल्या, धक्का बसला की तिथेच हात लावून स्वतःला सावरलं होतं. घाम, तेल, हळद, काय काय. मी रॉकेलनं घासत होते ते हे. जीपच्या मालकाचाही हात त्यात नव्हता, त्याला कोणी जीपनं नेलंच नाही. आणि त्या पोरीचा हात त्यात नव्हता. तिला उताणं झोपायला मी जागाच ठेवली नव्हती, म्हणून तिनं माझा अँगल धरला होता.

काठावर पोहोचल्यावर तिनं तीनदा हॉर्न मारला. घोगरा, शेवटी फाटणारा. इंजिन बंद केलं. आम्ही दोघीही विडी ओढत नाही, त्यामुळे वेळ अंदाजानंच. पाण्याचा आवाज येत होता. मी छताला हात लावून पडून राहिले. झाडीतून कोणी आलं नाही.

"झाली विडी," ती पुढून म्हणाली. "चलू काय, बाई?"

"थांबा," मी म्हटलं. "अजून थोडं थांबा."